मागून आलेलं उत्तर

१

पानं पिवळी पडायला लागली की आम्ही चौघी एक दिवस डोंगरावर जातो. या फेरीला आम्ही कधी खाडा केलेला नाही. मी लाँड्रीत इस्त्रीच्या खोलीत काम करते. वर्षभर वाफेत उभी असते, त्यामुळे त्या एका दिवसाच्या कोरड्या, थंड हवेची मी फार वाट बघते. बाकीच्या तिघींमध्ये एक नर्सबाई. आता निवृत्त झाली आहे, पण दिसेल त्याची नाडी बघायची सवय गेलेली नाही. दुसरी टपालबाई. ती आमच्या भागात टपाल वाटते आणि आम्हा सगळ्यांत तिचेच पाय पक्के. आणि तिसरी माझी धाकटी बहीण. ती बस चालवते, पण गेल्या हिवाळ्यातल्या आजारपणानंतर ते सुटलं होतं.

आमची चालायची एक पद्धत आहे. रानातली वाट अरुंद आणि वळणावळणाची, म्हणून आम्ही एकीमागे एक चालतो. प्रत्येक वळणावर पुढची मोठ्याने विचारते, "शेपूट?" सगळ्यात मागची ओरडते, "आले." ते ऐकल्यावरच पुढे निघायचं. चालताना कुणी मागे वळून बघायचं नाही. एका वर्षी नर्सबाई पुढे होती. गप्पा मारायला मागे वळली आणि घोटा मुरगळून बसली. परतताना टपालबाईने तिला जवळजवळ पाठीवरच आणलं. तेव्हापासून डोळे पायाशी आणि कान मागे.

लोकांना वाटतं, सगळ्यात मागे जी रेंगाळते ती शेपूट. आमच्यात तसं नाही. मागे कुणी उरलं नाही याची जबाबदारी शेपटीची, म्हणून ती जागा पक्क्या बाईलाच मिळते. ती बरीच वर्षं माझ्याकडे होती, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

२

त्या दिवशी सकाळी मी अंडी उकडत होते, तेवढ्यात धाकटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. अंगात पिवळं जाकीट, हातात लोखंडी टोकाची काठी. आजारपणात ती एवढी वाळली होती की जाकिटात तिच्यासारखी अजून एक मावली असती.

"आज शेपूट मी," ती म्हणाली.

"तू येतेयस हेच खूप झालं. नर्सबाईच्या पुढे चाल, मधे."

"मधे म्हणजे पेशंट." तिने दाराला हात टेकवून श्वास घेतला. आजारपणानंतर ती अशीच बोलायची. अर्धं वाक्य, मग थांबून श्वास, मग उरलेलं. श्वास आत जाताना एक बारीक शिट्टी वाजायची. "डेपोत साहेब विचारतो, कशा आहात. शेजारीण विचारते. तू तर... रात्री उठून बघतेस, श्वास चालू आहे का."

ते खरं होतं. तिच्या छातीत पाणी झालं होतं, तेव्हापासून मी तिच्याच खोलीत झोपत होते. तो शिट्टीसारखा आवाज ऐकू आला की मला झोप लागायची.

"जमलं नाही तर?" मी विचारलं.

"नाही जमलं तर मी सांगेन ना. तोंड आहे मला." मग ती जरा हसली. "आणि एक. आज माझ्याकडे कुणी... वळून बघायचं नाही. एकदाही. बघितलंत तर मी घरी परत."

डेपोत तिची तपासणी व्हायची होती. त्यात पास झाली तर स्टिअरिंग परत हातात, नाहीतर कायमची तिकीट खिडकीवर. पण मला वाटतं, तिला ती परीक्षा आधी डोंगरावर द्यायची होती. आणि ती आमच्यासमोर द्यायची होती.

मी हो म्हटलं. वर वचनही दिलं.

३

रान त्या दिवशी फार सुंदर होतं. झाडं अर्धी पिवळी, अर्धी तांबडी, आणि वाटेवर पानांचा इतका जाड थर की पाय टाकला की गादीवर टाकल्यासारखा वाटावा. मी पुढे, माझ्यामागे नर्सबाई, मग टपालबाई आणि शेवटी धाकटी.

पहिल्या वळणावर मी थांबले. समोर बघतच ओरडले, "शेपूट?"

"आ...ले."

मधे श्वास तुटला होता, पण उत्तर आलं. नर्सबाई मागून पुटपुटली, "बरं आहे. ओठ कसे आहेत ते बघायला हवं होतं."

"बघायचं नाही असं ठरलंय," टपालबाई म्हणाली.

"मी बघतेय कुठे. बघायला हवं होतं म्हटलं."

पुढच्या वळणांवरही तसंच झालं. प्रत्येक वेळी तो शब्द मधे तुटायचा. मी मुद्दाम सावकाश चालत होते. टपालबाईने त्यावरून टोमणाही मारला. "इस्त्री फिरवतेयस का वाटेवर? घडी मोडेल म्हणून?"

मग ओढा लागला. पाणी फार नव्हतं, पण दगड निसरडे होते. आम्ही बुटांसकट पाण्यातूनच गेलो. पलीकडे चिखल होता, त्यात घोट्यापर्यंत पाय रुतले. मागे काठी दगडावर वाजल्याचं मी ऐकलं. टक, टक. धाकटी पाण्यात उतरली होती. मी पुढची चढण चढून वळणावर आले आणि विचारलं, "शेपूट?"

"आले."

स्वच्छ, अख्खा शब्द. मधे काहीच तुटलं नव्हतं.

४

माझे डोळे भरून आले हे सांगायला मला लाज वाटत नाही. तो तिचा जुना आवाज होता. बसच्या दारात उभं राहून गर्दीतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. गेल्या हिवाळ्यापासून मी तो ऐकला नव्हता.

"ऐकलंस?" नर्सबाई म्हणाली.

"ऐकलं," मी म्हटलं. "बहीण कुणाची आहे."

"पाण्याचा गारवा लागला असेल. कधीकधी होतं असं, छाती मोकळी होते." नर्सबाईच्या बोलण्यात थोडी शंका होती, पण तिलाही आनंद झाला होता. "मी तर सांगतच होते, ही उठून उभी राहणार म्हणून."

टपालबाई म्हणाली, "माझ्या अगदी टाचेशी आहे. काठी ऐका की. दमली असेल म्हणून मीच सावकाश जात होते, आता हीच मला ढकलतेय."

खरंच, काठी वाजत होती. टक, टक. मी आता जोरात चालायला लागले. पुढच्या वळणावर विचारलं, त्याच्या पुढच्या वळणावर विचारलं, आणि दर वेळी तोच खणखणीत शब्द आला. माझी छाती फुगत गेली. मनातल्या मनात मी डेपोच्या साहेबाला ऐकवत होते, शेजारणीला ऐकवत होते. इस्त्रीच्या खोलीत उद्या काय सांगायचं तेही मी जुळवून ठेवलं.

एका वळणावर मात्र मला जरा विचित्र वाटलं. मी विचारलं आणि उत्तर फार लवकर आलं. माझा शब्द पुरता संपायच्या आत. मी स्वतःला समजावलं, तिला हुरूप आला आहे, वाटच बघत असेल. आणि आणखी एक. त्या उत्तराच्या मागे, खूप खाली कुठेतरी, दुसराही काहीतरी आवाज झाला. एखादा पक्षी, किंवा लांबवरचं कुणीतरी. मी थांबून कान दिला, पण टपालबाई म्हणाली, "चला, आता माळ आलाच," आणि मी निघाले.

५

रान संपलं की वर गवताचा मोठा माळ आहे. तिथवर पोचलं की सगळं एकदम उघडं होतं. आभाळ, ऊन, कमरेपर्यंत वाळकं गवत आणि त्यातून वर जाणारी एक पाऊलवाट. माळाच्या माथ्यावर बसून खायचं असं आमचं ठरलेलं असतं. माती इतकी मऊ की चालल्याचा आवाजच होत नाही. फक्त गवताची सळसळ.

आणि मागे काठी वाजत होती. टक, टक.

मी बरंच वर जाईपर्यंत त्याकडे लक्षच दिलं नाही. अर्धा माळ चढून गेल्यावर ते डोक्यात शिरलं. काठीचं लोखंडी टोक दगडावर आपटतं तेव्हा तो आवाज येतो. इथे दगड कुठे आहे?

गवताखाली असतील, मी म्हटलं. मातीत पुरलेले. पण मग एवढ्या सारख्या अंतरावर? मी माझी स्वतःची टाच जोरात आपटून बघितली. पाय मातीत रुतला, आवाज झाला नाही.

इथे वळण नव्हतं, तरी मी थांबले. समोर बघत विचारलं, "शेपूट?"

"आले."

त्या शब्दात धाप नव्हती. एवढी चढण चढून टपालबाईसुद्धा धापत होती, नर्सबाई तर बोलेनाशी झाली होती, मला स्वतःचा श्वास कानांत ऐकू येत होता. तो शब्द मात्र खुर्चीत बसून म्हटल्यासारखा होता.

गेला सबंध हिवाळा मी तिचा श्वास ऐकत काढला आहे. दवाखान्यात आणि घरी. अंधारात नुसत्या श्वासावरून मी सांगू शकायचे की ती कुठल्या कुशीवर आहे. मी फार शिकलेली बाई नाही, पण हे एक मला येतं, आणि माझ्याइतकं कुणालाच येत नाही. मागच्या त्या शब्दाखाली श्वासच नव्हता. बरा श्वास नाही आणि वाईटही नाही.

मी विचारलं, "औषध घेतलंस का गं दुपारचं?"

या प्रश्नाचा तिला राग येतो. ती नेहमी म्हणते, नर्स तू आहेस का ती.

"आले."

टपालबाई हसली. "चेष्टा करतेय तुझी."

"भूक लागली का?" मी विचारलं. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"आले."

"तुझ्या बसचा नंबर सांग."

"आले."

टपालबाई आता हसली नाही.

६

मी तिला वचन दिलं होतं. आज एकदाही वळून बघणार नाही, असं. आणि मनात अजून एक होतं, ते जास्त वाईट होतं. हे जर खरंच धाकटीचं बरं होणं असेल, तर मी वळून बघितल्यावर ती म्हणेल, तुझा माझ्यावर विश्वास नाही. ते मला सोसलं नसतं.

मी वळले.

आधी मला लांबचं दिसलं. खूप खाली, जिथे रान संपून माळ सुरू होतो तिथे, झाडाला टेकून कुणीतरी बसलं होतं. पिवळं जाकीट. एक हात वर केलेला, तो मधेच खाली पडायचा आणि पुन्हा वर जायचा.

मग जवळचं दिसलं. नर्सबाई गुडघ्यांवर हात टेकून वाकली होती. तिच्यामागे टपालबाई माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. टपालबाईच्या अगदी पाठीशी, इतकं जवळ की तिच्या अंगाआड जवळजवळ सगळं झाकलं जावं, आणखी कुणीतरी उभं होतं. एक पिवळी बाही. एक खांदा, माझ्या बहिणीच्या उंचीवर. आणि काठी.

"वळू नकोस," मी टपालबाईला म्हटलं. "आहेस तशीच उभी राहा."

खाली जायला ती एकच पाऊलवाट होती. गवतातून आडवी धावले असते तर चाललं असतं, हे मला आता सुचतं. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की ती तिकडे बसली आहे आणि मला तिच्याकडे जायचं आहे. मी नर्सबाईला ओलांडलं. मग टपालबाईला. आमच्या नियमाप्रमाणे डोळे पायाशी ठेवले, म्हणून मला चेहरा दिसला नाही. त्याबद्दल मी आजही देवाचे आभार मानते.

बूट दिसले. धाकटीच्याच बुटांसारखे. आम्ही तिघी ओढ्यातून आणि चिखलातून आलो होतो, आमचे बूट घोट्यापर्यंत बरबटलेले होते. ते बूट कोरडे होते. आणि त्यांच्याखालचं गवत दबलेलं नव्हतं. पाती तशीच उभी होती, वाऱ्याने हलत होती.

मी त्याच्या इतक्या जवळून गेले की माझा दंड त्या बाहीला घासायलाच हवा होता. घासला नाही. माझ्या कानाशी, अगदी प्रेमाने म्हटल्यासारखं, ते म्हणालं, "आले."

मी थांबले नाही.

७

धाकटीचे ओठ निळे पडले होते. मी तिच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसले, तिचं डोकं छातीशी घेतलं, आणि सगळ्यात आधी मला ती शिट्टी ऐकू आली. बारीक, फाटकी, तुटत तुटत येणारी. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

"मी केव्हाची... हाका मारतेय," ती म्हणाली. "ओढ्यातच... श्वास अडकला. तू विचारायचीस शेपूट... मी म्हणायचे थांबा. आणि तुम्ही... निघायचात. दर वेळी."

"तू थांबा म्हणायचीस?"

"दर वेळी. मग वाटलं... ऐकू येत असून निघताय. मुद्दाम." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे मीच सांगितलं होतं ना... बघू नका."

मी तिला आणखी जवळ घेतलं. पाठ चोळत राहिले.

थोड्या वेळाने नर्सबाई आणि टपालबाई उतरून आल्या. दोघीच. मी त्यांच्यामागे माळ नीट न्याहाळला. गवत हलत होतं, बाकी काही नाही. नर्सबाईने धाकटीची नाडी धरली, नखं बघितली, औषधाचा फवारा दिला, आणि तिचा चेहरा हळूहळू सैल पडला. "दम लागलाय. बाकी ठीक आहे. बसून राहा."

टपालबाईने मला बाजूला घेतलं. इतकी वर्षं कुत्री, पाऊस, बर्फ कशालाही न डरता दारोदार गेलेली बाई ती, पण तिचे दात वाजत होते.

"चढावर तिने माझी पिशवी धरली होती," ती म्हणाली. "मागून. मला वाटलं दमली असेल, म्हणून मी ओढत आणली. सगळी चढण, अगं. ओढत आणली मी."

"जड होती?"

तिने पिशवीचा पट्टा चाचपला. "नाही," ती म्हणाली. "तेच तर."

मला तिथूनच परत फिरायचं होतं. पण धाकटी काठीवर भार देऊन उठली. "माळापर्यंत आलेय," ती म्हणाली. "आता माथा... बघितल्याशिवाय मी नाही येत."

"नको," मी म्हटलं.

"ताई. तू मला उचलून नेलंस तर... मी उद्यापासून तिकीट खिडकीवर बसते. आयुष्यभर."

नर्सबाईने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. मग आम्ही चढलो. पण पाऊलवाटेने नाही आणि एकीमागे एक अशाही नाही. गवत तुडवत, चौघी हातात हात धरून, एका आडव्या रांगेत. कुणीच पुढे नाही, कुणीच मागे नाही. दर काही पावलांना धाकटी थांबायची आणि आम्ही सगळ्या तिच्यासाठी थांबायचो. तिचा श्वास सगळ्या माळावर ऐकू जात होता. मी खाली पायांकडे बघत नव्हते, मागेही बघत नव्हते, मी तिच्याकडे बघत होते, आणि तिने एकदाही हरकत घेतली नाही.

ती माथ्यावर पोचली. स्वतःच्या पायांनी. घामाने भिजली होती, ओठ अजून पांढरट होते, आणि हसत होती. त्या क्षणी मला भीती वगैरे काही नव्हती. माझा ऊर भरून आला होता. आम्ही अंडी आणि पाव खाल्ला. टपालबाईने तिचा वाटा धाकटीला दिला आणि म्हणाली, "खा, हाडांची काडं झालीत तुझी."

उतरताना रानातल्या पहिल्या वळणावर नर्सबाईने सवयीने तोंड उघडलं. टपालबाईने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. त्यानंतर डोंगराखाली ठेवलेल्या गाडीपर्यंत आम्ही सगळ्या मोठमोठ्याने काहीबाही बोलत होतो. पाककृती, भाडी, कुणाच्या सुनेला काय झालं. नुसतं बोलत होतो, मधे जागा राहू नये म्हणून.

८

यंदाच्या हिवाळ्यात धाकटी बरी झाली.

नर्सबाईने व्यायाम लावून दिले, ते तिने एक दिवसही चुकवले नाहीत. शिट्टी आधी बारीक झाली, मग फक्त सकाळची उरली, मग तीही गेली. डॉक्टर म्हणाले, छाती स्वच्छ. डेपोतल्या तपासणीत ती पास झाली. पहिल्या दिवशी तिची बस आमच्या लाँड्रीसमोरून गेली तेव्हा तिने हॉर्न दिला, आणि इस्त्रीच्या खोलीतल्या सगळ्या बायका खिडकीशी धावल्या. मी म्हटलं, माझी बहीण. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हटलं. अजूनही म्हणते. तिने जे करून दाखवलं ते मी दिसेल त्याला सांगते, आणि सांगताना माझी मान ताठ होते.

फक्त आता मला तिच्या खोलीत झोप लागत नाही. तिथे आता काही ऐकू येत नाही. निरोगी माणसाचा श्वास फार हळू असतो.

परवा संध्याकाळी मी घरी एकटी चादरींच्या घड्या करत होते. जिन्यात पावलं वाजली. आमचं घर वरच्या मजल्यावर आहे आणि जिना उभा आहे. पावलं भराभर वर आली, मधल्या मजल्यावर न थांबता. दारावर थाप पडली.

"दार उघड ताई, हातात सामान आहे."

एका दमात म्हटलेलं अख्खं वाक्य. कुठेही न तुटलेलं. मी घडी हातात धरून उभी राहिले. किती वेळ ते मला माहीत नाही. मला वाटतं, पुन्हा थाप पडली.

मी दार उघडलं. ती सफरचंदांची पिशवी घेऊन उभी होती, गाल लाल, डिझेलचा वास, कपाळावर केस. "झोपली होतीस का?" तिने विचारलं. मी पुढे झाले. पिशवीसकट तिला मिठीत घेतलं आणि कान तिच्या छातीला लावला.

"अगं, सामान पडेल."

मी आणखी घट्ट धरलं.

"ताई, काय झालंय तुला? सोड ना," ती म्हणाली. आधी हसत, मग हसणं थांबवून. "अगं सोड, श्वास कोंडतोय माझा."

कोंडत होता. माझ्या हातांखाली तिच्या बरगड्या झगडत होत्या, वर उठायला बघत होत्या, आणि कुठेतरी खोल, अगदी बारीक, हवा घासल्याचा आवाज आला. मला केवढं हायसं वाटलं.

मी तिला आणखी थोडा वेळ तशीच धरून ठेवलं.